वाचक विचारतात : पेशीतले थेंब आणि आरएनए

मागच्या अंकात पेशीतल्या बिनपडद्याच्या थेंबांबद्दल चार ओळी छापल्या होत्या. त्यात एवढंच होतं की पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रियासारखे पडद्यानं बंद केलेले कप्पे असतात तसे अजिबात पडदा नसलेले, थेंबासारखे कप्पेही असतात, आणि त्यातल्या बऱ्याच थेंबांत आरएनए भरपूर असतो. त्यावर सोलापुरातून आणि जिल्ह्यातून एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं म्हणून मग कुणाचंच छापलं नाही.

प्रश्न : सर, पडदाच नाही तर आतलं बाहेर का जात नाही? आणि आरएनए तिथं नुसता येऊन बसलेला असतो की त्याचं काही काम असतं? आमच्या पुस्तकात आरएनए म्हणजे डीएनएचा निरोप रायबोसोमपर्यंत (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) नेणारा, एवढंच दिलंय.
— बीएस्सी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

आतलं बाहेर जातं की! सतत जातं आणि बाहेरचं आत येतं. प्रयोगशाळेत काय करतात, थेंबातल्या एखाद्या प्रोटीनला चमकणारं लेबल लावतात, मग लेझर मारून थेंबाच्या एका भागातली चमक घालवून टाकतात आणि बघत बसतात. पुष्कळ थेंबांत तो काळा पडलेला भाग काही सेकंदांत परत उजळतो, कारण शेजारची चमकणारी प्रोटीनं सरकत तिथं येतात आणि विझलेली दुसरीकडं जातात. रेणू बदलत राहतात, थेंब तिथंच असतो. आमटीवरचे तेलाचे थेंब बघ, दोन जवळ आले की टपकन एक होतात आणि परत गोल होतात, पेशीतले थेंबही तसंच करतात. पण हे उदाहरण इथपर्यंतच चालतं, कारण तेलाच्या थेंबात पाणी नसतं आणि पेशीतल्या थेंबात पाणी चांगलं भरपूर असतं, फक्त बाहेरच्या मानानं प्रोटीन आणि आरएनए तिथं खूप दाटीनं असतात.

ते एकत्र का राहतात, तर प्रत्येक रेणूला दुसऱ्याला धरायच्या एकापेक्षा जास्त जागा असतात. प्रत्येक पकड कच्ची, क्षणात सुटणारी, पण जागा अनेक असल्यामुळं एक सुटली तरी दुसरी धरलेली असते. २०१२ मध्ये अमेरिकेत डॅलसला मायकेल रोझेन यांच्या गटानं हेच काचेच्या परीक्षानळीत करून दाखवलं, अशी अनेक जागांची प्रोटीनं पुरेशा प्रमाणात एकत्र आली की द्रावण एकदम गढूळ होतं आणि मायक्रोस्कोपखाली थेंब दिसायला लागतात. आता आरएनएचा विचार कर. हजार-दोन हजार अक्षरांचा लांबलचक धागा, त्याच्यावर एकाच वेळी कितीतरी प्रोटीनं बसू शकतात, शिवाय आरएनएची अक्षरं दुसऱ्या आरएनएच्या अक्षरांशीही जोड्या लावतात. म्हणजे धरायच्या जागा सगळ्यात जास्त कुणाकडं, तर आरएनएकडं. काही ठिकाणी तर तो नसला की थेंबच होत नाही. आपल्या पेशींच्या केंद्रकात पॅरास्पेकल नावाचे बारीक ठिपके असतात, ते नीट-१ नावाच्या एका लांब आरएनएभोवती जमतात. या आरएनएपासून कुठलंही प्रोटीन बनत नाही, पण तो काढून टाकला की पॅरास्पेकल नाहीसे होतात, बाकीची प्रोटीनं पेशीत तशीच असली तरी.

थेंबाची गोष्ट खऱ्या अर्थानं सुरू झाली २००९ ला, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लँक संस्थेत. क्लिफ ब्रँगविन आणि टोनी हायमन सी. एलेगन्स नावाच्या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या जंताचं फलित अंडं बघत होते. त्यात पी-ग्रॅन्यूल नावाचे कण असतात, पुढं ज्या पेशीपासून जंताची अंडी आणि शुक्राणू होणार तिच्या वाट्याला हे कण जातात. सुरुवातीला ते अंडंभर पसरलेले असतात, मग पुढच्या बाजूचे विरघळून जातात आणि मागच्या बाजूचे मोठे होतात. तोपर्यंत समज अशी की हे घट्ट कण आहेत. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केंद्रकावरून ओघळताना, एकमेकांत मिसळताना बघितले, म्हणजे हा द्रवच! या कामासाठी त्या दोघांना पुढं २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं.

पण पुढचेच का विरघळतात? इथं आरएनए आला. अंड्याच्या पुढच्या भागात मेक्स-५ नावाचं प्रोटीन जास्त असतं, ते आरएनएला धरून ठेवतं. थेंब करणारं प्रोटीन दुसरंच, मेग-३, त्यालाही आरएनए लागतो, पण पुढच्या भागात मेक्स-५ नं तो आधीच घेतलेला असतो. मागं मेक्स-५ कमी, मेग-३ ला आरएनए मिळतो आणि थेंब तिथं होतो. हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे कुठली पेशी पुढच्या पिढीची आणि कुठली शरीराची ही विभागणी थेंबांमध्ये दिसते ती आरएनए कुणाच्या हाती लागला यावरून. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा सर्वात देखणा प्रयोग वाटतो.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र प्रमाणात आहे. आरएनएच्या धाग्यावर सगळा ऋण भार, कारण त्याचा कणा फॉस्फेटचा. थेंबातल्या बऱ्याच प्रोटीनांवर धन भाराचे भाग असतात. थोडा आरएनए आला की दोन्ही भार एकमेकांना भागवतात आणि थेंब जमतो. आरएनए आणखी वाढवत गेलं तर एक वेळ अशी येते की प्रत्येक प्रोटीनभोवती आरएनएच आरएनए, सगळीकडं ऋण भार, सगळे एकमेकांना ढकलतात आणि जमलेला थेंब विरघळून जातो. थोडा असला तर जमवतो, फार झाला तर मोडतो. २०२१ मध्ये एमआयटीच्या रिचर्ड यंग, फिलिप शार्प आणि अरूप चक्रवर्ती यांच्या गटांनी हेच जनुकांच्या बाबतीत मांडलं, जनुक सुरू होताना सुरुवातीला बनणारे थोडे आखूड आरएनए तिथला थेंब जमायला मदत करतात आणि मग पूर्ण लांबीचे आरएनए धडाधड बनायला लागले की तोच थेंब विरतो, म्हणजे जनुकाचं उत्पादनच जनुकाला थोडा वेळ थांबवतं. हे कुणाला वेगळं ब्रेक दाबून करावं लागत नाही. तुमच्या पुस्तकात निरोप म्हणून जो आरएनए दिलाय तो निरोप लिहिला जात असतानाच हे काम करतो.

आणि प्रमाणाच्या बरोबरीनं आकार. कापसाच्या बोंडावर पडणारी एक बुरशी आहे, अ‍ॅशबिया गॉसिपी, हिच्यापासून कारखान्यात बी-२ जीवनसत्त्व पण बनवतात. हिच्या एकाच लांब पेशीत खूप केंद्रकं असतात, मध्ये भिंती नाहीत. तिथं व्हाय-३ नावाचं एकच प्रोटीन दोन वेगळे थेंब करतं, एक केंद्रकाजवळ, दुसरा वाढणाऱ्या टोकाशी. प्रोटीन तेच, मग थेंब एकमेकांत मिसळत का नाहीत? अमेरिकेत एमी ग्लॅडफेल्टर यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की दोन थेंबांत आरएनए वेगळे आहेत आणि त्यांच्या घड्या वेगळ्या आहेत. एका आरएनएला गरम करून त्याच्या घड्या उलगडल्या की तो दुसऱ्याच्या थेंबात शिरला. घडी होती तोवर शिरत नव्हता. हे मुद्दाम लांबवून सांगतोय कारण परीक्षेला आरएनएच्या घड्या म्हटलं की टी-आरएनएची आकृती काढून मोकळं व्हायची सवय आहे सगळ्यांना.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं पारा ४३-४४ ला जातो. दुपारी डाळिंबाची पानं मलूल पडतात, सांजच्याला परत टवटवीत. त्या टायमाला आत पेशीत काय चाललेलं असतं? तुमच्या त्या थेंबांचा ह्याच्याशी संबंध हाय का?
— डाळिंब बागायतदार, सांगोला

मालक, दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवू. पान मलूल पडणं हा पाण्याचा हिशोब आहे, मुळं जेवढं ओढतात त्यापेक्षा पानातून जास्त उडून जातं, ऊन उतरलं की हिशोब बरोबर होतो. त्याच्यात थेंबांचा काही हात नाही.

पण उष्णतेचा पेशीवर वेगळा परिणाम होतो तिथं थेंब आहेत, आणि गंमत म्हणजे ते आधी झाडांतच नीट बघितले गेले. १९८० च्या दशकात तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, हाले शहरात, लुट्झ नोव्हर यांच्या गटानं टोमॅटोच्या पेशी तापवल्या तर पेशीत कण जमलेले दिसले. प्राण्यांच्या पेशीतही तसेच जमतात, त्यांना स्ट्रेस ग्रॅन्यूल म्हणतात. होतं असं, की उष्णता वाढली की पेशी नेहमीची प्रोटीनं बनवणं थांबवते, कारण तापलेल्या पेशीत प्रोटीनच्या घड्या बिघडतात. बनवणं थांबलं की एम-आरएनएवर (प्रोटीनचा निरोप नेणारा आरएनए) चालत असलेले रायबोसोम आपलं काम संपवून उतरून जातात आणि एम-आरएनए उघडा पडतो. एरवी त्याच्यावर रायबोसोम दाटीनं बसलेले असतात म्हणून बाकी कुणाला जागा नसते. उघडा पडला की प्रोटीनं त्याला धरतात, आरएनए-आरएनए पण एकमेकांना धरतात आणि थेंब जमतो. माणसाच्या पेशीत हे सुरू करणारं प्रोटीन म्हणजे जी-थ्री-बी-पी-वन, ते एरवी स्वतःवरच मिटून बसलेलं असतं आणि उघडा आरएनए भेटला की उघडतं, २०२० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी हे एकाच वेळी दाखवलं. ताण गेला की तास-दोन तासांत बहुतेक थेंब विरतात, आरएनए परत कामाला लागतो.

लोक असं सांगतात की सगळा एम-आरएनए या थेंबात सुरक्षित ठेवला जातो. तसं नाही हो. २०१७ मध्ये मोजलं तेव्हा माणसाच्या पेशीतल्या एकूण एम-आरएनएपैकी साधारण दहावा हिस्साच तिथं सापडला, तोही जास्त करून लांब आणि ज्याच्यावर रायबोसोम कमी बसतात असा. म्हणजे ताणात पेशी टिकते ती या थेंबांमुळंच असं म्हणायला आधार कमी पडतो.

आता हे वाचून कुणी थेंब वाढवायचं औषध म्हणून फवारणी विकायला आलं तर विकत घेऊ नका. उन्हाचा फटका कमी करायला आच्छादन, पाण्याची वेळ, फळांवर कापड किंवा पिशवी, हेच उपाय आहेत आणि त्याच्यासाठी आपल्या सोलापूरच्या केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं विचारा, सांगोल्याहून काही लांब नाही.

प्रश्न : कोरोनाच्या एम-आरएनए लसीमुळं पेशीत असे थेंब होऊन काही त्रास होतो का?
— गृहिणी, अशोक चौक

लसीतला एम-आरएनए चरबीच्या अतिबारीक गोळीतून पेशीत जातो, रायबोसोम तो वाचतात, आणि पेशी आपल्या बाकीच्या एम-आरएनएसारखाच तो काही दिवसांत तोडून टाकते. केंद्रकात तो जात नाही. तिथं थेंबांची भीती बाळगायचं कारण नाही. खुद्द विषाणू मात्र थेंबांचा उपयोग करतो. कोरोनाच्या विषाणूचा आरएनए जवळपास तीस हजार अक्षरांचा, तो एवढ्याशा कणात बसवायचा तर त्याला गोळा करणारं एन-प्रोटीन लागतं, आणि हे प्रोटीन आरएनएबरोबर थेंब करतं असं २०२० पासून अनेक प्रयोगशाळांनी दाखवलंय. एम-आरएनए लस आपल्या पुण्यातही बनली, जेनोव्हा कंपनीची, जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली होती.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं. हात उचलत नाहीत, आता गिळायला पण त्रास होतोय. एका नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की पेशीतले थेंब कडक झाल्यामुळं हा आजार होतो आणि आरएनएच्या कॅप्सूल खाल्ल्या की थेंब परत पातळ होतात. किंमत खूप आहे. घ्यायच्या का?
— विजापूर रोड

ताई, घेऊ नका. आधी हे सांगतो, मग कारण.

त्या मेसेजमधलं पहिलं अर्धं वाक्य खऱ्या संशोधनावरून उचललेलं आहे, म्हणूनच ते खरं वाटतं. एफयूएस नावाचं एक प्रोटीन आहे, त्याच्यात काही विशिष्ट बदल झाले की एएलएस होतो. २०१५ मध्ये ड्रेस्डेनच्या गटानं नळीत दाखवलं की हे प्रोटीन थेंब करतं, आणि बदल झालेल्या प्रोटीनचे थेंब काही तासांत घट्ट होत जातात, त्यातून धागे निघतात. मग २०१८ मध्ये त्याच शहरातून आणखी महत्त्वाची गोष्ट आली. केंद्रकात एफयूएस खूप असतं, तरी तिथं ते घट्ट होत नाही, आणि केंद्रकाबाहेर थोडंसं गेलं तरी होतं, हे कसं? उत्तर आरएनए. केंद्रकात आरएनए इतका दाट असतो की एफयूएसला जमू देत नाही. त्यांनी आरएनए तोडणारं एन्झाइम केंद्रकात सोडलं तर तिथंच एफयूएसचे थेंब जमले. या अभ्यासाच्या पहिल्या लेखिका शोभामयी महाराणा आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करतात.

हे सगळं खरं, पण कॅप्सूलचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आरएनए आपण रोजच खातो, डाळ, भाकरी, भाजी, मटण, सगळ्या पेशींत तो आहेच. स्वादुपिंडातून येणारा पाचक रस त्याचे आतड्यातच तुकडे करतो. रक्तातही आरएनए तोडणारी एन्झाइम्स असतात. त्यातून काही उरलं तरी रक्तातून मेंदूत आणि मज्जारज्जूत जायला फार कडक अडथळा आहे, एवढा मोठा आणि भार असलेला रेणू तो ओलांडत नाही. आणि समजा कसातरी चेतापेशीत शिरलाच, तरी वर म्हटलं तसं, किती आरएनए, कुठला आरएनए आणि कुठल्या जागी, यावर थेंब विरणार की जमणार हे ठरतं. डोळे झाकून आरएनए वाढवणं म्हणजे उपचार नाही.

खरं काय उपलब्ध आहे ते लिहितो. एएलएसच्या थोड्या रुग्णांत एसओडी-१ या जनुकात दोष असतो, त्यांच्यासाठी टोफरसेन नावाच्या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते आरएनएवरच काम करतं, दोष असलेल्या जनुकाचा एम-आरएनए नष्ट करवतं, पण ते पाठीच्या कण्यातून इंजेक्शननं द्यावं लागतं, तोंडानं नाही, आणि बाकीच्या रुग्णांना ते लागू नाही. म्हणून न्यूरॉलॉजिस्टना जनुकाची चाचणी करायची का हे विचारा, घरात आधी कुणाला असा आजार झाला असेल तर ते नक्की सांगा. रिलुझोल हे एएलएसचं औषध सुरू आहे का बघा. गिळायला त्रास होतोय म्हणताय तर आता लगेच दोन गोष्टी बघून घ्या, एक म्हणजे श्वासाची ताकद मोजणं, कारण रात्री मास्क लावून श्वासाला आधार दिला तर रुग्णाचा त्रास कमी होतो आणि आयुष्य वाढू शकतं, दुसरं म्हणजे अन्न कसं द्यायचं, घट्ट की पातळ, जेवणासाठी नळी घालायची वेळ कधी, हे आहारतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्टकडून समजून घेणं. दुसरं मत हवं असेल तर पुणे-मुंबईत न्यूरॉलॉजीचे चांगले विभाग आहेत, बेंगळुरूला निम्हान्स आहे. कॅप्सूलसाठी बाजूला काढलेले पैसे श्वासाच्या मशीनला आणि घरी मदतीला येणाऱ्या माणसाला लागतील. सासऱ्यांची बुद्धी बहुतेक वेळा या आजारात शाबूत असते, त्यामुळं हे सगळं त्यांना विचारून, त्यांच्यासमोर ठरवा.

याच विषयावर एका मेडिकलच्या मुलानं विचारलंय की आरएनए स्वतःच घट्ट होऊ शकतो का. होऊ शकतो. २०१७ मध्ये अंकुर जैन आणि रॉन व्हेल यांनी दाखवलं की सीएजी सारखी तीनच अक्षरं परत परत येणारा आरएनए प्रोटीनशिवाय नळीत जेलसारखा जमतो, मात्र ती अक्षरं साधारण तीसच्या पुढं वेळा आली तरच. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात सीएजी चाळीस किंवा जास्त वेळा असला की आजार होतोच, सव्वीसपर्यंत होत नाही. दोन आकडे इतके जवळ येणं लक्ष वेधणारं आहे. पण हंटिंग्टनमध्ये बिघडलेलं प्रोटीनही नुकसान करतं, तेव्हा सगळा दोष आरएनएवर टाकू नको.

प्रश्न : नळीत काय, योग्य मीठ आणि योग्य प्रोटीन टाकलं की थेंब होणारच. पेशीत ते खरंच असतात आणि काही काम करतात याला पुरावा काय? मला ही सध्याची फॅशन वाटते.
— निवृत्त लॅब टेक्निशियन, बाळीवेस

काका, तुमची शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातल्याच चांगल्या लोकांनी ती उचलून धरलीय. पुष्कळ पेपरांत प्रोटीन नळीत पेशीपेक्षा कितीतरी जास्त घातलेलं असतं, वर दाटी करायला पॉलिमर घालतात, तसं केलं तर थेंब होणं काही मोठी गोष्ट नाही. पेशीतसुद्धा प्रोटीन जास्त बनवायला लावून मग थेंब बघितले जातात. दुसरं, हेक्झेनडायॉल नावाचं अल्कोहोल टाकलं आणि थेंब विरला की लगेच हा द्रव होता असं लिहायची पद्धत पडली होती, पण ते रसायन पेशीतल्या बाकी कितीतरी गोष्टी बिघडवतं, त्यामुळं एकट्या त्या पुराव्यावर माझा विश्वास नाही.

मी काय बघतो ते सांगतो. प्रोटीन पेशीतल्या नैसर्गिक प्रमाणातच ठेवून थेंब दिसला का. धरायच्या जागा मोडल्या की थेंब गेला का, आणि थेंबाबरोबर कामही गेलं का. मग त्या जागी वेगळ्याच प्रोटीनमधल्या धरायच्या जागा बसवल्या तर थेंब आणि काम दोन्ही परत आलं का. असे प्रयोग करायला वेळ लागतो म्हणून ते कमी आहेत. पी-ग्रॅन्यूल आणि न्यूक्लिओलस (केंद्रकातला रायबोसोम बनवणारा गोळा) यांच्या द्रव असण्याबद्दल पुरावा चांगला आहे, २०११ मध्ये बेडकाच्या अंड्यातले न्यूक्लिओलस एकमेकांत मिसळताना मोजले गेलेत, आणि २०१६ मध्ये त्याच्या आतले थर म्हणजे एकमेकांत न मिसळणारे द्रव आहेत हेही दाखवलं गेलं. जनुकं सुरू करणाऱ्या ठिकाणच्या थेंबांवर मात्र वाद चालू आहे, तो वाद चांगला आहे. वर बीएस्सीच्या मुलीला एमआयटीचं जे काम सांगितलं ते याच वादाच्या प्रदेशातलं, तेव्हा तिनंही हे उत्तर वाचावं.

प्रश्न : ओपॅरिनचे थेंब आम्ही पूर्वी शिकवायचो. आता परत तेच आलं का?
— निवृत्त शिक्षक, अक्कलकोट

गुरुजी, काही अंशी आलं. रशियाच्या ओपॅरिन यांनी १९२४ मध्ये आणि इंग्लंडच्या हॉल्डेन यांनी १९२९ मध्ये जीवसृष्टीच्या सुरुवातीबद्दल लिहिलं, ओपॅरिन पुढं कोअ‍ॅसरव्हेट थेंबांकडं, म्हणजे पाण्यात मोठे रेणू एकत्र येऊन आपोआप जमणाऱ्या थेंबांकडं, वळले. हॉल्डेन तर १९५७ मध्ये भारतात आले ते इथलेच झाले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या वेळी आरएनए स्वतः रासायनिक क्रिया घडवू शकतो हे माहीत नव्हतं, ते शोधणाऱ्या ऑल्टमन आणि चेक यांना १९८९ चं नोबेल मिळालं. आता प्रयोगशाळेत असा क्रिया करणारा आरएनए कोअ‍ॅसरव्हेट थेंबात घालून तिथं तो काम करतो हे बघितलं गेलंय. त्यावरून कल्पना जिवंत झाली. आजच्या पेशीतले थेंब त्या काळचे उरलेले आहेत असं मात्र शिकवू नये, त्यातली प्रोटीनं फार नंतरची आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये यातलं काही दाखवता येईल का? लेझरचा मायक्रोस्कोप आमच्याकडं नाही.
— जीवशास्त्राच्या प्राध्यापिका, बार्शी

मॅडम, न्यूक्लिओलस दाखवा. पेशीतला सगळ्यात मोठा थेंब तोच आणि साध्या ४०० पट मायक्रोस्कोपखाली दिसतो, १८३० च्या दशकापासून लोक बघतायत. आणि कांद्याला तर आपल्याकडं तोटा नाही.

कांद्याचं बूड पाण्याला टेकेल असा ग्लासवर ठेवा, दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. कांद्याच्या पातीच्या सालापेक्षा मुळाची टोकं घ्या, तिथल्या पेशी जोरात वाढत असतात, रायबोसोम भराभर बनत असतात, त्यामुळं न्यूक्लिओलस ठसठशीत असतो. टोकं अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तीनास एक अशा मिश्रणात घट्ट (फिक्स) करून घ्या, मग मिथाइल ग्रीन-पायरोनिननं रंगवा. डीएनए हिरवट-निळा, आरएनए गुलाबी-लाल. हिरवट केंद्रकात एक-दोन गुलाबी गोळे दिसतील ते न्यूक्लिओलस, आणि बाहेरचा भागही फिकट गुलाबी दिसेल तो रायबोसोममधल्या आरएनएमुळं. मुलांना दोन्ही शेजारी लावायला सांगा, मुळाचं टोक आणि सालाची जुनी पेशी, न्यूक्लिओलसच्या आकारातला फरक त्यांना मोजता येईल.

एक स्लाइड मात्र वेगळी ठेवा. रंगवायच्या आधी ती रायबोन्यूक्लिएजच्या द्रावणात ३७ अंशाला तासभर ठेवा, मग रंगवा. आरएनए तुटलेला असल्यामुळं गुलाबी रंग जातो किंवा अगदी फिका पडतो. १९४० च्या दशकात बेल्जियमच्या जाँ ब्राशे यांनी पेशीत आरएनए कुठं आहे हे याच पद्धतीनं दाखवलं होतं. ही कंट्रोल स्लाइड नसेल तर गुलाबी दिसलं म्हणजे आरएनए असं मुलांनी नुसतं ऐकून लिहिलेलं असतं. घट्ट केलेल्या पेशीत थेंबाचा आकार टिकतो, म्हणून इथं आरएनए गेल्यावर गोळा वितळताना दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं तेच शोधत बसतील.

पेशी जिवंत असताना आरएनए बनणं थांबलं की काय होतं ते मात्र त्याच टोकात दिसतं. विभाजनाच्या मधल्या टप्प्यातल्या पेशी शोधा, गुणसूत्रं मधोमध रांगेत लागलेली. तिथं न्यूक्लिओलस नसतो. त्या वेळी रायबोसोमचा आरएनए बनणं बंद असतं. मग विभाजन संपत आलेल्या, दोन केंद्रकं नुकती तयार झालेल्या पेशी बघा, तिथं छोटे छोटे गुलाबी ठिपके परत दिसायला लागलेले असतात, रायबोसोमच्या आरएनएची जनुकं जिथं आहेत त्याच जागी. एका चांगल्या स्लाइडवर हे सगळे टप्पे एकाच टोकात मिळतात, फक्त स्क्वॅश करताना अंगठा सरळ खाली दाबायचा, कव्हरस्लिप घसरू द्यायची नाही.